हेडलाइटच्या आतला रंग: डबा निवडण्यापासून काच पुन्हा बसवण्यापर्यंत

तीन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रात्री कसारा घाट उतरताना माझ्या गाडीचा प्रकाश नेहमीपेक्षा पसरट आणि दुधाळ वाटत होता. पावसाळ्यात घाटात धुके असतेच, म्हणून वेग कमी केला आणि पुढे निघालो. पण घाट संपला, रस्ता मोकळा झाला, तरी प्रकाश तसाच राहिला. खाली एका ढाब्यापाशी थांबून हेडलाइटच्या काचेवरून बोट फिरवले तेव्हा काच बाहेरून स्वच्छ निघाली. धुके आतल्या बाजूला होते. तीनच आठवड्यांपूर्वी मी घरी दोन्ही हेडलाइट उघडून त्यांची आतली चंदेरी चौकट काळी केली होती, आणि त्या रंगातून दिव्याच्या उष्णतेने सुटलेली वाफ थंड काचेवर जाऊन तेलकट थरासारखी बसली होती.

हेडलाइटसाठी रंग निवडताना बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात: छटा कोणती घ्यावी आणि रंग उष्णता किती सोसेल. वाळल्यानंतरही त्या रंगातून काय बाहेर पडत राहील, हा तिसरा प्रश्न मीही तेव्हा विचारला नव्हता. बंपरवरच्या रंगातून महिनाभर वाफ सुटत राहिली तरी ती हवेत निघून जाते. हेडलाइट हा जवळजवळ बंद डबा असतो, तो रोज तापतो आणि त्याची एक भिंत पारदर्शक असते. म्हणून खाली रंगांची जी निवड केली आहे ती मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नावर केली आहे.

कोणत्या भागाला रंग लावायचा, कोणत्या भागाला नाही

आपण जिला हेडलाइटची काच म्हणतो ती आजच्या बहुतेक गाड्यांत काच नसते, ती पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लास्टिक असते. मागचे काळे कवच बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते. या दोहोंच्या मध्ये, दिव्याभोवती, जी शोभेची चौकट दिसते तिला बेझल म्हणतात, आणि घरच्या घरी रंगवण्याजोगा भाग प्रामुख्याने हाच. तिच्यावरची चकाकी खऱ्या क्रोमची नसते. निर्वात पेटीत प्लास्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर असतो.

रिफ्लेक्टरवरही तसाच ॲल्युमिनियमचा थर असतो, पण तो शोभेसाठी नसतो. बल्बचा प्रकाश गोळा करून रस्त्यावर ठरावीक आकारात टाकण्याचे काम तो करतो. त्याला रंग लावायचा नाही, स्पिरिटने पुसायचे नाही, बोटसुद्धा लावायचे नाही. बोटाचा ठसा तिथून सहसा निघत नाही आणि पुसायला गेलात तर थरच निघतो. ज्या गाड्यांत एच-४ बल्बचा मोठा रिफ्लेक्टर जवळजवळ सगळा हेडलाइट व्यापतो, तिथे रंगवण्याजोगी जागा फार थोडी उरते. अशा गाडीत 'सगळे काळे' करण्याचा आग्रह धरणे म्हणजे रात्रीचा रस्ता विकून शोभा विकत घेणे होय. काचेच्या बाहेरून काळसर फवारा मारणे किंवा फिल्म चिकटवणे हा तर विचारच करू नये, कारण त्याने थेट प्रकाश घटतो. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम ५२ नुसार गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, त्यामुळे रस्त्यावर पडणाऱ्या प्रकाशाला धक्का लागेल असे काहीही न करणे हेच शहाणपणाचे.

काढलेला भाग उलटा करून पाहिला तर मागे दोन कंसांच्या मध्ये त्याच्या प्लास्टिकचे संक्षिप्त नाव कोरलेले सापडते. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पीबीटी हे त्याहून उष्णता सोसणारे प्लास्टिक, आणि पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. खूण सापडली नाही तर प्लास्टिकचा कण पाण्यात टाकून तो तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, अशी एक परीक्षा गॅरेजमध्ये सांगितली जाते. ती साध्या पॉलिप्रॉपिलीनपुरती खरी आहे. पण हेडलाइटच्या कवचात टाल्क मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन वापरतात आणि वीस टक्के टाल्क असले की तोच कण बुडतो. म्हणून कोरलेल्या खुणेवर विश्वास ठेवावा, पाण्याच्या भांड्यावर नाही.

हे नाव शोधण्याचे कारण असे, की पॉलिप्रॉपिलीनला जवळजवळ कोणताच रंग आपणहून धरत नाही. त्यावर आधी प्लास्टिक प्रायमरचा, म्हणजे बंपर रंगवताना जो पारदर्शक पातळ हात देतात त्याचा, थर द्यावाच लागतो. पीसी आणि पीबीटीवर रंग तुलनेने सहज धरतो, पण पीसीची दुसरी अडचण आहे. ॲसिटोन किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगांचा थिनर लागला की त्यावर केसासारख्या बारीक चिरा उमटतात आणि त्या परत जात नाहीत. पुसण्यासाठी थिनर न वापरता आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे.

दुकानात काय मिळते आणि त्यातले काय घ्यावे

माझी पहिली चूक दुकानात झाली. हेडलाइटसाठी रंग हवा म्हटल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी सायलेन्सरसाठीचा स्प्रे पुढे केला आणि म्हणाले, "साहेब, सायलेन्सरवर टिकतो तर लाइटवर का नाही टिकणार?" प्रश्न बिनतोड वाटला. डब्यावर ६५० अंशांचा आकडा छापलेला होता, तो पाहून मी समाधानाने पैसे दिले.

सायलेन्सरचा रंग सिलिकोन रेझिनवर आधारलेला असतो, आणि तो पूर्ण पक्का होण्यासाठी साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. सायलेन्सर गाडी चालू झाली की स्वतःच ते काम करतो. पॉलिकार्बोनेट मात्र १४७ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ अंशांना चक्क वितळते. म्हणजे ज्या तापमानाला हा रंग पक्का होईल त्या तापमानाला रंगवलेली वस्तूच शिल्लक राहणार नाही. मग तो रंग वर्षानुवर्षे अर्धकच्चा राहतो, नखाने खरवडला जातो, आणि दिवा लागला की थोडा थोडा वाफ सोडत राहतो. डब्यावरचा मोठा आकडा हे इथे गुणाचे लक्षण नव्हे.

घरातले उरलेले सिंथेटिक इनॅमल, म्हणजे लोखंडी ग्रिलला लावतो तो ऑइलपेंट, हाही मोह टाळावा. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. वरून कडक वाटला तरी आतली ही रासायनिक क्रिया आठवडेच्या आठवडे चालू असते आणि तिच्यातून वास येणारे पदार्थ सुटत राहतात. एनसी लॅकर भराभर वाळते, परंतु ते ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे लवचीकपणा देणारे पदार्थ, घातलेले असतात, आणि नेमके हेच पदार्थ उष्णतेने उडून काचेवर बसतात. सोलून काढता येणारे रबरी रंग आणि 'क्रोम इफेक्ट'चे स्प्रे यांबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ते हेडलाइटच्या आत नेऊ नयेत. पावडर कोटिंग भट्टीत १८०-२०० अंशांना भाजावे लागते, त्यामुळे प्लास्टिकसाठी तोही मार्ग बंद.

उरतात दोन पर्याय. पहिला, दोन घटकांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग. यात रंग आणि हार्डनर यांची रासायनिक जोड होऊन पक्की जाळी तयार होते, म्हणून नीट भाजल्यावर त्यातून फारच कमी काही सुटते. टिकाऊपणात याला तोड नाही. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि कापडी किंवा कागदी मास्क त्यापुढे निरुपयोगी असतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ असल्याशिवाय हे काम करू नये. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती असलेल्या आमच्या नाशिक शहरात बूथ असलेला पेंटर शोधणे कठीण नाही. तासलेला आणि स्वच्छ केलेला भाग त्याच्याकडे नेऊन फक्त फवारणी करून घेणे, हा माझ्या मते पीयूचा आनंद घेण्याचा एकमेव योग्य मार्ग आहे.

दुसरा पर्याय, आणि घरी करणाऱ्यासाठी माझी शिफारस, म्हणजे वाहनांसाठीचा ॲक्रिलिक स्प्रे, सॅटिन किंवा मॅट काळ्या रंगात, ज्याला वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, द्यावा लागत नाही असा. क्लिअर कोट टाळण्यामागे कारण आहे. प्रत्येक वाढीव थर खालच्या थरातल्या द्रावकाला अडवून धरतो, आणि अडलेला द्रावक पुढे महिनाभर सुटत राहतो. प्रायमरचा एक आणि रंगाचा एक असे ४०० मिलिलिटरचे दोन डबे दोन्ही हेडलाइटच्या बेझलना पुरून उरतात. उरलेला रंग टाकून न देता चाचणीसाठी ठेवावा.

छटेबाबत थोडे सांगतो, कारण मत द्यायचा मोह आवरत नाही. चकचकीत काळ्यावर धुळीचा प्रत्येक कण दिसतो आणि घरी फवारलेल्या कामात कण राहतातच. पांढरा किंवा फिका रंग दिव्याजवळचा इतस्ततः पसरणारा प्रकाश परत उधळतो. मॅट काळा तो शोषून घेतो, त्यामुळे विशेषतः प्रोजेक्टर, म्हणजे दिव्यापुढे गोल भिंग, असलेल्या हेडलाइटमध्ये तो सुबकही दिसतो आणि त्रासही देत नाही. गाडीच्या अंगाचाच रंग हवा असेल तर तो दिव्यापासून लांबच्या पट्टीपुरता ठेवावा.

बरणीची परीक्षा

कोणताही डबा निवडला तरी हेडलाइटला लावण्याआधी ही परीक्षा घ्यावी. वाहनांच्या अंतर्भागातल्या वस्तू किती 'धुके' सोडतात हे मोजण्यासाठी उद्योगात डीआयएन ७५२०१ नावाची पद्धत आहे. तिच्या एका प्रकारात नमुना १०० अंशांना तीन तास तापवतात आणि वर ठेवलेल्या थंड काचेवर किती थर बसला ते तपासतात. घरी तीच कल्पना लोणच्याच्या रिकाम्या बरणीत राबवता येते.

जुन्या बंपरचा किंवा टाकाऊ डब्याचा विड्याच्या पानाएवढा तुकडा घ्यावा आणि प्रत्यक्ष काम जसे करणार तसेच त्याला तासून, प्रायमर देऊन, रंग देऊन, ठरवलेले सगळे दिवस वाळवावे. मग तो रुंद तोंडाच्या कोरड्या काचेच्या बरणीत तळाशी ठेवून तोंडावर स्वच्छ काचेचा तुकडा ठेवावा. बरणी उकळीच्या जरा खाली राखलेल्या गरम पाण्याच्या पातेल्यात दोन-तीन तास उभी ठेवावी. पातेल्याच्या तळाशी फडके घालावे म्हणजे बरणी तडकणार नाही, आणि वरच्या काचेवर मधूनमधून ओले फडके ठेवून ती थंड ठेवावी. पातेल्याची वाफ बरणीत शिरू नये याकडे लक्ष असावे. शेवटी काच उचलून, कोरडी होऊ देऊन, खिडकीच्या उजेडात तिरकी धरावी. पाण्याची वाफ असेल तर ती मिनिटभरात निघून जाते. बोटाने ओढल्यावर इंद्रधनुषी रेघ उमटणारा तेलकट थर दिसला तर तो रंग किंवा ते वाळवणे नापास.

माझ्या सायलेन्सरच्या रंगाने ही काच इतकी दुधाळ केली, की पलीकडची गच्चीची जाळी अंधुक दिसू लागली. आठवडाभर वाळवलेल्या ॲक्रिलिकने फिकट कडा सोडली. त्याच तुकड्याला नंतर उबेत ठेवून पुन्हा तपासले तेव्हा काच स्वच्छ निघाली. ती बरणी आणि ते पातेले पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.

नाशिकच्या हवेत कधी फवारावे

जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत हे काम काढू नये. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि काळा रंग राखाडी, पांढुरका पडतो. माझी दुसरी चूक हीच होती. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असलेली बरी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी, विशेषतः निफाडच्या बाजूला जिथे पारा फार खाली जातो तिथे, डब्यातला दाब कमी पडून फवारा थेंबाथेंबाने येतो. डबा दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, विस्तवाजवळ कधीही नेऊ नये. मेच्या दुपारी याच्या उलट होते: रंगाचे कण पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळतात आणि हात फिरवला की खरखर लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च, सकाळी नऊ ते अकरा, वारा सुटण्याआधी, ही मला सर्वांत सोयीची वेळ वाटली. जमिनीवर थोडा पाण्याचा सडा मारला की धूळ बसते.

उघडणे आणि तयारी

उघडण्याबद्दल थोडक्यातच लिहितो. काच आणि कवच यांच्या फटीतला चिकट पदार्थ बारीक पेचकसाने दाबून पाहावा. तो डांबरासारखा मऊ, तार धरणारा असेल तर ते ब्यूटाइल नावाचे सीलंट असते आणि उष्णतेने सुटते. रबरासारखा उसळत असेल तर हेडलाइट कायमचा जोडलेला आहे असे समजून काम तिथेच सोडावे. कारखान्यातून एलईडी आलेले हेडलाइट तर महागही असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. ब्यूटाइल सोडवण्यासाठी बल्ब, रबरी टोप्या, स्क्रू आणि धातूच्या पट्ट्या काढून हेडलाइट सुमारे ९०-१०० अंशांत आठ-दहा मिनिटे तापवतात. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नये. ज्या गॅरेजमध्ये रोज हे काम होते तिथून उघडून आणणे अधिक सुरक्षित. हेडलाइट उघडताच रिफ्लेक्टरवर स्वच्छ पिशवी बांधावी.

बेझल भांडी घासण्याच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवावे. त्यानंतर ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासावे, कोपऱ्यांत हिरव्या-करड्या घासणीचा तुकडा वापरावा. ॲल्युमिनियमचा थर निघून खालचे प्लास्टिक दिसले तरी बिघडत नाही. चकाकी शिल्लक राहिली तर मात्र तिथून रंग पापुद्र्याने सुटतो. शेवटी पृष्ठभागावर पाणी ओतावे. ते सलग पसरले तर भाग स्वच्छ आहे, थेंब होऊन आक्रसले तर तेलकटपणा अजून आहे. डॅशबोर्ड पॉलिशचा हात लागलेला भाग हमखास असा वागतो, आणि त्यावर रंग मारला की सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर पुन्हा उघड्या बोटांनी धरू नये.

फवारणी आणि वाळवणे

डबा, आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटे हलवावा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर, हात सतत चालता, फवारा भागाच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे थांबणारा. रंगाच्या वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क ॲक्रिलिकलाही लागतोच. प्रायमरचा एक पातळ हात, मग रंगाचे तीन, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. पहिल्या हातात खालचा रंग दिसत राहिला पाहिजे. एका हातात सगळे झाकण्याची घाई म्हणजे जाड थर, आणि जाड थर म्हणजे आत अडकलेला द्रावक. आतल्या ज्या कडा बाहेरून दिसतच नाहीत त्या रंगवूच नयेत. रंग जितका कमी, तितके धुके कमी.

बोटाला लागेनासा झाला म्हणजे रंग वाळला असे नाही. उघड्या हवेत सावलीत किमान सात दिवस ठेवावे. त्यानंतर एका खोक्याला आतून काळा कागद लावून, वर काच ठेवून, ते गच्चीवर उन्हात मांडावे, आत थर्मामीटर ठेवावा आणि काच कमी-अधिक सरकवून तापमान ५५-६० अंशांच्या आसपास राखावे. काच थोडी उघडी राहिली पाहिजे, कारण वाफ बाहेर जावी हाच हेतू आहे. असे तीन-चार दिवस, रोज चार तास. रोज संध्याकाळी खोक्याच्या काचेची आतली बाजू तिरकी धरून पाहावी. बरणीची परीक्षा इथेही चालूच असते. चाचणीच्या तुकड्यावर ब्लेडने बारीक जाळी ओढून चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन सुटून आले तर तयारी कच्ची होती, आणि बेझल पुन्हा तासण्याला पर्याय नाही.

बंद करताना

जुने ब्यूटाइल खरवडून नवी पट्टी घालावी. खिडक्यांसाठीचे, शिरक्यासारखा आंबट वास येणारे सिलिकोन वापरू नये. पक्के होताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटते आणि ते रिफ्लेक्टरच्या ॲल्युमिनियमला खाते. कवचाच्या मागे असलेली हवेची छिद्रे आणि त्यांच्या नळ्या मोकळ्या असल्याची खात्री करावी, कारण हेडलाइट आत-बाहेर श्वास घेतो तो त्यांच्यातूनच. बंद करण्याआधी काच आतून फक्त फुंकून आणि मऊ कोरड्या फडक्याने स्वच्छ करावी.

गाडीला बसवल्यावर समतल जागी भिंतीसमोर उभी करून दोन्ही प्रकाशांची उंची सारखी आहे का ते पाहावे, आणि नसेल तर समायोजनाच्या स्क्रूने ती जुळवावी. पहिल्या आठवड्यात काचेवर काही दिसले तर घाबरण्याआधी लो बीम अर्धा तास चालू ठेवावा. खालच्या कडेला जमलेले थेंब तेवढ्यात निघून गेले तर तो ओलावा आहे, आणि दोष जोडात किंवा छिद्रांत शोधावा. दिव्याच्या वरच्या बाजूला, जिथे काच सर्वांत जास्त तापते तिच्या भोवती, फिकट कडे उमटून ते तसेच राहिले तर तो रंग आहे. मग हेडलाइट पुन्हा उघडून काच साबणाच्या पाण्याने धुवावी लागते आणि बेझल परत गच्चीवरच्या खोक्यात ठेवावे लागते. माझे दुसऱ्या वेळी आणखी पाच दिवस राहिले.